कोष्टकातून निघालेला वारस

मी, थॅडियस ऑर्न क्विम्बी, वय वर्षे छप्पन्न, केस असतील तेथे करडे, राहणार चॅपल स्ट्रीट, पेल्टन हिल, व्हरमाँट. पूर्वाश्रमीचा पेल्टन कॉलेजचा वेळापत्रककार व सांप्रत नियतकालिकांसाठी तर्ककोडी रचून उदरभरण करणारा इसम, असे लिहून ठेवतो, की माझे चित्त स्वस्थ आहे, बुद्धी शाबूत आहे, आणि कोणाच्याही धाकाने अथवा लाडीगोडीने मी हा लेख करीत नाही. (चित्तस्वास्थ्याविषयी प्रा. कॉर्डेलिया स्टॅनार्ड ह्यांना शंका आहे. ती त्यांना आमची ओळख झाल्या दिवसापासून असून तिला कोणत्याही नव्या पुराव्याचे बळ नाही.) शरीराबद्दल मात्र तसे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण बिघाड छातीतच आहे. हृदयाची एक झडप नेमून दिलेले काम करीत नाही. सोमवारी ती बदलण्यात येणार आहे. उद्या सकाळी रस्त्यावरचे बर्फ नांगरून झाले, की मला शहरातील रुग्णालयात नेण्यात येईल. शल्यविशारद म्हणाले, "काही काळजी करू नका, आम्ही हे रोज करतो." मी म्हणालो, "मी रोज करत नाही." म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्यापूर्वी केलेला मसुदा मी रद्द करतो. तो का रद्द करावा लागला, हे पुढे सविस्तर येईल, कारण ते सांगितल्याशिवाय समोर बसलेले प्रा. टटल मला जेवू देणार नाहीत.

कलम पहिले : हेतू

हा लेख आजच्या आज विधिवत स्वाक्षरित झाला नाही, आणि सोमवारी काही विपरीत घडले, तर माझे घर कायद्याने माझा एकुलता एक भाऊ ऑरिन ह्याच्याकडे जाईल. ऑरिन फ्लॉरिडात राहतो. गेल्या ऑक्टोबरात तो माझ्या प्रकृतीची चौकशी करायला आला, तो खिशात मोजमापाची फीत घेऊनच.

"ती कशाला रे?" मी विचारले.

"सहज. तुझ्या खिडक्या छान आहेत."

"आणि माझी प्रकृती?"

"तीही छान आहे," तो म्हणाला, आणि जिन्याखालची रुंदी मोजू लागला.

ऑरिन दुष्ट नाही. तो केवळ दूरदर्शी आहे. घर त्याच्या हाती पडले तर उन्हाळ्याच्या आत ते स्की खेळायला येणाऱ्या एखाद्या श्रीमंत कुटुंबाला विकले जाईल, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रा. हेटी लारॉक आपल्या शेवाळाच्या परातींसह रस्त्यावर येतील, आणि ज्या मेजाभोवती आम्ही चौघे दर गुरुवारी बसतो त्या मेजावर कोणाचे तरी ओले हातमोजे वाळत पडतील. हे टाळणे हा ह्या लेखाचा एकमेव गंभीर हेतू होय. इतर मजकूर विषयांतर समजावे, परंतु वाचावे.

कलम दुसरे : संबंधित व्यक्ती

पेल्टन कॉलेज जिवंत होते तेव्हा कोणता प्राध्यापक, कोणता विषय, कोणती खोली व कोणता तास ह्या चतुर्विध संकटातून दर ऑगस्टमध्ये मार्ग काढणे हे माझे विहित कर्म होते. कोणी दहाच्या आधी माणसात नसे, कोणाला जिना वर्ज्य, कोणाला अमुक सहकाऱ्याच्या शेजारची खोली म्हणजे वनवास. पुढे माझ्या लक्षात आले, की हाच मनस्ताप नावे बदलून कागदावर उतरवला तर लोक तो करमणूक म्हणून विकत घेतात. 'चार प्राध्यापक, चार विषय' ही माझी कोड्यांची माला अशी जन्माला आली.

न्यायालयाच्या माहितीसाठी रीत सांगतो. एक चौकटींचे कोष्टक. उभ्या बाजूला माणसे, आडव्या बाजूला विषय. 'लॅटिनचे प्राध्यापक दाढी ठेवत नाहीत' अशी सूचना मिळाली, की दाढीवाल्यासमोर लॅटिनच्या घरात फुली. अशा फुल्या मारत मारत एकच घर रिकामे उरले, की तेच सत्य. ह्या पद्धतीस मी निरसन म्हणतो. तिच्यात कोणी काही सिद्ध करीत नाही. बाकी सर्व खोटे ठरते, इतकेच. अट एकच : एका माणसाला एकच विषय, आणि एका विषयाला एकच माणूस.

कॉलेजच्या अखेरच्या वर्षी अध्यक्षमहाशयांनी ही अटच मोडली. 'विषयांचे सुसूत्रीकरण' असे त्यांनी त्याला म्हटले, आणि प्रा. अँब्रोज टटल ह्यांच्याकडे लॅटिन, जमाखर्च व व्हॉलीबॉल असे तीन विषय सोपवले. असे कोडे मी छापायला दिले असते तर संपादकाने मला घरी पाठवले असते. अध्यक्षांना कोणी घरी पाठवले नाही, कॉलेजच गेले. सदर अध्यक्षांस मी त्या वर्षीचे वेळापत्रक, चौकटीत मढवून, ठेवीत आहे. ते त्यांनी सोडवून दाखवावे.

ज्यांना दुसरे गाव मिळाले ते गेले. तिघे राहिले.

प्रा. अँब्रोज टटल, लॅटिन, सत्तरी पार, वाणी खणखणीत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका खोलीत वास्तव्य. प्रा. कॉर्डेलिया स्टॅनार्ड, भूगर्भशास्त्र, पासष्टीच्या आसपास, नदीपलीकडे स्वतःचे घर, वाणीची धार अजून बोथट झालेली नाही. प्रा. हेटी लारॉक, वनस्पतिशास्त्र, त्यातही केवळ शेवाळे, माझ्याहून थोड्या लहान. कॉलेजची निवासस्थाने विकली गेली तेव्हापासून माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर. त्यांचे संशोधन माझ्या थंड कोठीत लोणच्याच्या बरण्यांशेजारी हिरवेगार वाढत असते.

दर गुरुवारी मी नवे कोडे मांडतो, हेटी सफरचंदाचे सारण भरलेला 'ॲपल पाय' भाजते, आणि त्यावर चीज घालावे की नाही हा वाद पेल्टन हिलमध्ये कधीच नसल्यामुळे (घालावेच, असा इकडचा रिवाज) वादासाठी कोडे उरते.

"थॅड, ह्या आठवड्यात मी पुन्हा सगळ्यात शेवटच्या घरात राहतो?" प्रा. टटल विचारतात.

"तुम्ही नाही. लॅटिनचे प्राध्यापक."

"गावात लॅटिनचा दुसरा प्राध्यापक दाखव मला. आणि त्यांना कुत्रा का आहे? मला कुत्रे चावतात."

"म्हणून सूचना क्रमांक पाचमध्ये तो चावलाय."

न्यायालयाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रा. टटल व प्रा. स्टॅनार्ड गेली आठ-नऊ वर्षे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. कॉलेजात बारा नंबरची खोली ही हिवाळ्यात ऊन येणारी एकमेव खोली होती. प्रा. स्टॅनार्ड ह्यांनी एका जानेवारीत तिथे आपले दगड मांडून ठेवले, प्रत्येकाखाली त्याच्या जन्मगावाची चिठ्ठी. प्रा. टटल सकाळी आले, दगड पाहिले, आणि वर्ग घ्यायचा म्हणून सर्व दगड एका खोक्यात व सर्व चिठ्ठ्या दुसऱ्या खोक्यात भरून बाहेर ठेवले. त्यांच्या मते ही व्यवस्था होती. दगडांची व चिठ्ठ्यांची पुन्हा गाठ घालण्यात प्रा. स्टॅनार्ड ह्यांचा तो हिवाळा गेला. शेवटी एक दगड उरला, आणि त्याची चिठ्ठी मात्र कुठेच सापडली नाही. तेव्हापासून दोघे माझ्यामार्फत बोलतात.

"थॅड, प्राध्यापकांना सांग, मीठ पुढे करा म्हणावं."

"थॅड, बाईंना सांग, मीठ त्यांच्या कोपराशीच आहे."

तो अनाथ दगड माझ्या मेजावर असतो. ह्या क्षणी तो ह्याच कागदांवर ठेवलेला आहे.

कलम तिसरे : पूर्वीच्या मसुद्यातील प्रमाद

गेल्या आठवड्यात मी एकांतात बसून मृत्युपत्राचा पहिला मसुदा केला. वर्षानुवर्षांची सवय, कोष्टक आखले. उभ्या बाजूला गुरुवारच्या मेजावरची चार नावे, जशी नेहमी लिहितो तशी. आडव्या बाजूला माझ्या मालमत्तेचे चार घटक : घड्याळ, बर्फ उडवायचे यंत्र, कोड्यांचा संग्रह आणि घर. मग सूचना. घड्याळ हेटीला नको, कारण ती कुठेही उशिरा पोचते व तिला तो टोमणा वाटेल. बर्फयंत्र प्रा. टटल ह्यांना नको, कारण दुकानावरच्या खोलीत उडवायला बर्फ नाही. कॉर्डेलियाला घर आहेच. इत्यादी. फुल्या मारल्या. घड्याळ टटलांना, यंत्र कॉर्डेलियाला, संग्रह हेटीला आला. एक घर रिकामे राहिले, ते निरसनाने भरले. समाधानाने चहा घेतला व मसुदा आमचे वकील श्री. लेमन हॅस्केल ह्यांच्याकडे धाडला.

आज सकाळी त्यांचा फोन आला. बाहेर वादळ इतके, की खिडकीतून कुंपण दिसत नव्हते. तिन्ही प्राध्यापक मेजावर होते : हेटी जिना उतरून, टटल बर्फातले रुंद जोडे घालून, आणि कॉर्डेलिया पूल बंद व्हायच्या आत, स्कीवरून. भाजणाऱ्या सफरचंदांचा वास दरवळत होता.

"थॅड, बसला आहेस ना?" हॅस्केल म्हणाले.

"बसलोय."

"तू घर कुणाला दिलंयस, माहीत आहे?"

"कोष्टकातून जो निघाला त्याला."

"कोष्टकातून तू निघालायस."

मी मसुदा पाहिला. कलम चारमध्ये माझ्याच वळणदार अक्षरात लिहिले होते : 'माझ्या मृत्यूनंतर माझे राहते घर श्री. थॅडियस ऑर्न क्विम्बी ह्यांस निर्वेधपणे मिळावे, त्यांनी तेथे सुखाने राहावे.' उभ्या बाजूला मेजावरची चार नावे मी लिहिली होती, आणि त्यातले चौथे नाव माझे होते.

प्रा. टटल इतके हसले, की त्यांना पाणी द्यावे लागले. "मरणोत्तर कब्जा!" ते म्हणाले. "भाडं कोणत्या पत्त्यावर पाठवायचं रे?"

"थॅड, त्यांना सांग फार हसू नका, दात पडतील," कॉर्डेलिया म्हणाली. पण तीही हसत होती.

हेटी हसली नाही. ती ओव्हनपाशी गेली आणि काही कारण नसताना ओव्हन उघडून बंद केला. भाजणाऱ्या ॲपल पायच्या बाबतीत हा गुन्हा आहे, हे तीच आम्हाला शिकवते.

कलम चौथे : साक्षीदारांचा पेच

हॅस्केल पुढे म्हणाले, की नवा मसुदा करायला सोपा आहे, पण सही दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवी, आणि ज्याला ह्या कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये; झाल्यास त्याचे मिळणे धोक्यात येते.

"शेजारचे बॅरेट?" मी विचारले.

"ॲरिझोनाला, एप्रिलपर्यंत."

"तुम्ही?"

"मी पुलाच्या ह्या बाजूला, तू त्या बाजूला. उद्या बर्फाचा नांगर आला की तू थेट रुग्णालयात. थॅड, तुझ्या घरात आत्ता तीन माणसं आहेत. दोघांना वगळ, त्यांच्या सह्या घे. उरेल त्याला घर दे. तुझंच काम आहे हे."

मी फोन ठेवला व परिस्थिती निवेदन केली. माझी अपेक्षा अशी, की आता थोडा संकोच होईल, कोणी तरी कोणासाठी तरी त्याग करील, आणि मला एखादे उदात्त वाक्य लिहिता येईल. घडले ते निराळे. तिघेही एकदम म्हणाले, "मी साक्षीदार."

निःस्पृहतेच्या दोन खुर्च्यांसाठी तीन उमेदवार! कॉलेजच्या निवडणुकांत मी अशी चुरस पाहिली नव्हती.

"मी वयाने ज्येष्ठ आहे," टटल म्हणाले. "काही न मिळण्याचा पहिला हक्क माझा. जन्मभराचा अनुभव आहे."

"थॅड, ह्यांना सांग, तुमची सही कुणाला वाचता येत नाही," कॉर्डेलिया म्हणाली. "माझी येते. मी साक्षीदार."

"मी होणार साक्षीदार," हेटी म्हणाली. तिने हातातले फडके खाली ठेवले. "तुम्ही दोघं भांडा खुशाल दुसऱ्या जागेसाठी. एक माझी."

"हेटी, घर तुलाच लागणार आहे," मी म्हणालो. "तू वर राहतेस."

"म्हणूनच नको." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, खिडकीतल्या बर्फाकडे बघत. "सोमवारी तुला आत नेतील. मी बाहेर बाकड्यावर बसेन. आणि तू गेलास तर मला घर मिळणार, हे मला ठाऊक असेल. मग मी प्रार्थना कशी करू, सांग. प्रत्येक शब्दाला वाटेल, आतून कुणीतरी हिशेब मांडतंय. मला तुझ्या मरणातून काही मिळायला नको, थॅड. काही म्हणजे काही नको. एक बरणीसुद्धा नको."

तर्ककोड्यात अशी सूचना कधी येत नाही. प्रा. टटल ह्यांनी चष्मा काढून पुसला. लॅटिनमध्येही ती येत नसावी.

बोलली ती कॉर्डेलिया.

"वेडी आहेस तू," ती म्हणाली. "अगं बये, तुझ्या मनात हिशेब येईल, येऊ दे की. मनाला फुली मारता येत नाही. पण तू सही केलीस, आणि नको ते झालं, तर तो ऑरिन येईल आणि त्याचा हिशेब सुरू होईल. तो बाकड्यावर बसणार नाही. तो खिडक्या मोजेल. तुझी शेवाळं जातील, हे मेज जाईल. आणि आम्ही दोघं गुरुवारी जायचं कुठं? ह्यांच्या त्या खोलीत? तिथं दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जिन्यात थांबावं लागतं."

त्यानंतर जे घडले ते ह्या घरात आजवर घडलेले नाही. प्रा. टटल ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे न वळता थेट समोर पाहिले, आणि म्हणाले :

"कॉर्डेलिया, तुझं बरोबर आहे."

हेटीने आ वासला. मी लेखणी खाली ठेवली. कॉर्डेलिया माझ्याकडे वळली.

"लिहून घे," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. मृत्युपत्रात लिही. कायद्याच्या कागदात येऊ दे, म्हणजे नंतर म्हणायला नको, की मी म्हणालोच नव्हतो."

"लिहू दे," टटल म्हणाले. "आणि पुढे हेही लिही, की दगड खोक्यात भरण्यापूर्वी मी चिठ्ठ्या वाचायला हव्या होत्या. त्यांतल्या दोन तर मी शुद्धलेखनाच्या दृष्टीने वाचल्याही होत्या."

"बघ!" कॉर्डेलिया म्हणाली. पण आवाजात धार नव्हती.

सबब, उभयतांच्या संमतीने, येथे नमूद करण्यात येते, की दिनांक २२ जानेवारी रोजी, वादळ चालू असता, प्रा. अँब्रोज टटल ह्यांच्या मते प्रा. कॉर्डेलिया स्टॅनार्ड ह्यांचे बरोबर आहे. ह्या कलमाविरुद्ध अपील नाही.

राहता राहिली हेटी. तिने खाली ठेवलेल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "ठीक आहे. दोघं एकाच बाजूला बसली, तर माझं काय चालणार! लिही माझं नाव. पण माझी एक अट लिहायची."

"कोणती?"

"पहिल्या मसुद्यातली चूक काढायची नाही. घर आधी तुझ्याच नावावर राहू दे. मी दुसरी. तू पहिला."

मी पुन्हा हॅस्केलना फोन केला. त्यांनी ती अट मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "कायद्याच्या दृष्टीनं त्याला काही अर्थ नाही. पण अपायही नाही. लिही."

कलम पाचवे : घर

माझे चॅपल स्ट्रीटवरील राहते घर, त्यातील मेज, चार खुर्च्या, थंड कोठी व तीत वाढणारे सर्व काही, मी प्रथमतः श्री. थॅडियस ऑर्न क्विम्बी ह्यांस देत आहे. सोमवारनंतर सदर इसम स्वतःच्या पायांनी अथवा चाकाच्या खुर्चीतून घरी परतल्यास घर त्यांचेच राहील, आणि त्यांनी तेथे सुखाने राहावे.

ते न परतल्यास घर निरुपाधिकपणे व संपूर्णतः प्रा. हेटी लारॉक ह्यांस मिळावे. ह्या कलमात ह्यापलीकडचा अर्थ कोणी शोधू नये. शोधल्यास माझी हरकत नाही. मेजावरच्या बाकीच्या दोघांनी तो बहुधा पूर्वीच शोधला असून ते सौजन्याने गप्प राहिले आहेत; हे त्या दोघांचे एकमेव संयुक्त संशोधन होय.

कलम सहावे : इतर जंगम

घड्याळ, जे कॉलेजच्या मोठ्या दालनातून मी लिलावाच्या आदल्या दिवशी पावती घेऊन आणले, ते प्रा. टटल ह्यांस द्यायचे होते. साक्षीदार झाल्यामुळे त्यांनी ते गमावले आहे. तेही हेटीला. मात्र माझी अशी इच्छा, की ते टटलांच्या खुर्चीसमोरच टांगलेले असावे व किल्ली त्यांनीच द्यावी. त्याचप्रमाणे बर्फयंत्र, जे हेटीला हलवतही नाही, ते हेटीला. कॉर्डेलियाने ते हवे तेव्हा उसने न्यावे व परत आणण्याची घाई करू नये. इच्छा व्यक्त करण्यास कायद्याची बंदी नाही, असे हॅस्केल सांगतात.

कोड्यांचा संग्रह, टोकदार व बोथट पेन्सिलींसह, हेटीला. नव्या कोड्यांत लॅटिनच्या प्राध्यापकांना एकदा तरी पहिल्या घरात राहू द्यावे, व कुत्र्याचे नंतर काय झाले ते कळवावे.

बचत म्हणून रुग्णालय जे काही मागे ठेवील ते छपरासाठी. उत्तरेकडच्या बाजूने ते गळते. ऑरिनने खिडक्या मोजल्या, छप्पर पाहिले नाही.

'रविवारचे कोडे' ह्या पुरवणीच्या संपादकांस मी एक वापरलेले खोडरबर ठेवीत आहे. गादीच्या जाहिरातीला जागा हवी म्हणून त्यांनी माझ्या कोड्यातली चौथी सूचना वगळली, आणि त्या रविवारी ओहायोपासून ओरेगनपर्यंत सज्जन माणसे भूमिती ह्या विषयाला प्राध्यापिका मिळवून देऊ शकली नाहीत. एका वृद्ध वाचकाने लिहिले, की त्यांची पत्नी त्यांच्याशी बोलेनाशी झाली आहे. मी उत्तर दिले, की आमच्याकडेही तसे एक प्रकरण आहे, धीर धरा. आज त्यांना पुन्हा लिहायला हवे.

माझा भाऊ ऑरिन ह्यास त्याची मोजमापाची फीत, जी तो जिन्याखाली विसरून गेला, ती सन्मानपूर्वक परत करण्यात यावी. तिच्यासोबत हेटीच्या हातचा एक अख्खा ॲपल पायही पाठवावा. तो माझा भाऊ आहे. लहानपणी माझी पहिली कोडी त्यानेच सोडवली होती, आणि एकदाही उत्तरासाठी मागचे पान पाहिले नव्हते.

अनाथ दगड कोणाच्याही मालकीचा नाही. तो मेजावर राहील.

कलम सातवे : अंत्यविधी, जर लागलाच तर

भाषण प्रा. टटल ह्यांनी करावे. ॲपल पाय ओव्हनमध्ये गेला की त्यांनी सुरुवात करावी, आणि तो भाजून झाला की वाक्य अर्धे असले तरी थांबावे. मध्ये ओव्हन कोणी उघडू नये, कितीही वाईट वाटत असले तरी.

कलम आठवे : कोष्टकाविषयी शेवटची सूचना

स्वयंपाकघराच्या दारावर गुरुवारचे कोष्टक लावलेले असते, चार नावांचे. मी नसताना कोणीतरी ते नीटनेटके करायला जाईल, हे मी जाणतो. प्राध्यापक मंडळींना रिकामी चौकट बघवत नाही. तरी विनंती, की माझ्या ओळीत सोमवारी फुली मारू नये, आणि बरोबरची खूणही करू नये. माझे कोडे मी स्वतः सोडवून आणणार आहे. उत्तर मागच्या पानावर नाही.

मी परत आलो, तर हा संपूर्ण लेख त्या गुरुवारी चुलीत घालावा. फक्त टटलांच्या कबुलीचे पान कॉर्डेलियाने त्यापूर्वी काढून घ्यावे. तिने ते कुठे ठेवायचे, ह्याची जागा तिने आधीच पाहून ठेवली आहे.

ह्या लेखाची अंमलबजावणी वकील श्री. लेमन हॅस्केल ह्यांनी करावी.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, मला समजले, व दोन ठिकाणी हसूही आले. वारस सहीच्या वेळी समोर नसावा म्हणून प्रा. हेटी लारॉक ह्यांस स्वयंपाकघरात पाठवले आहे. दाराआडून त्या "मी काहीही ऐकत नाहीये!" असे वारंवार कळवीत आहेत.

स्थळ : चॅपल स्ट्रीट, पेल्टन हिल, व्हरमाँट
दिनांक : गुरुवार, २२ जानेवारी २०२६

(सही) थॅडियस ऑर्न क्विम्बी

साक्षीदार पहिला : उपरोक्त इसमाने माझ्यासमक्ष सही केली. सहीपूर्वी तो स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून हसला. त्याचे कारण मसुद्यातले विनोद नव्हेत. मला ह्या कागदातून काहीही मिळत नाही, आणि हे मला आजवर मिळालेले सर्वांत मोठे पद आहे. प्रा. स्टॅनार्ड ह्यांनी पहिली सही मला करू दिली.
(सही) अँब्रोज टटल, लॅटिन

साक्षीदार दुसरी : मीही पाहिले. त्याची सही खरी आहे. शेजारच्या साक्षीदाराचीही खरी आहे, मी वाचून खात्री केली. आज ती वाचता येते. दगडाखाली मी एक चिठ्ठी ठेवली आहे : 'चॅपल स्ट्रीट, पेल्टन हिल.' आता त्याला गाव आहे. थॅड, पुढच्या गुरुवारी मीठ मागायला मला तुझी गरज पडणार नाही. तरीही ये.
(सही) कॉर्डेलिया स्टॅनार्ड, भूगर्भशास्त्र